शेजारी आणि पाहुणे

टोकियो, गुरुवार, २६ डिसेंबर २०१३
जेवणाच्या सुट्टीत सगळं ऑफिस टीव्हीपाशी. पंतप्रधान शिंझो आबे यासुकुनी देवळात जाऊन आले. सत्तेवर येऊन आज बरोबर वर्ष. मुहूर्त नेमका साधला. शेजारचे सहकारी डबा उघडत म्हणाले, “आपलं सोलचं काम लांबलं म्हणायचं.”

शुक्रवार, २७ डिसेंबर
चीन-कोरिया भडकणार हे ठरलेलंच होतं. पण अमेरिकेच्या वकिलातीनेही नाराजी कळवली. या देवळात लढायांत पडलेल्या चोवीस लाखांवर लोकांची नावं आहेत. १९७८ साली त्यांत ‘अ’ वर्गाचे चौदा युद्धगुन्हेगार गुपचूप घातले गेले. आबेंचे आजोबा नोबुसुके किशी याच वर्गाचे संशयित म्हणून तुरुंगात होते. खटला न चालताच सुटले आणि १९५७ मध्ये पंतप्रधान झाले. तेव्हा हे नुसतं मतांचं राजकारण नसावं, घरचंही काही फेडायचं असावं.

गंमत म्हणजे १९६५ चा जपान-कोरिया करार झाला तेव्हा इथे पंतप्रधान होते किशींचे सख्खे भाऊ सातो आणि तिथे, दक्षिण कोरियात, अध्यक्ष होते आताच्या अध्यक्षा पार्कबाईंचे वडील. थोरल्यांनी जुळवलं. धाकटे वर्षभरात एकदाही समोरासमोर बोलायला बसलेले नाहीत.

रविवार, २९ डिसेंबर
किमची आणायला शिन-ओकुबोला. या कोरियन वस्तीत वर्षभर “चालते व्हा”चे मोर्चे निघाले. कोरियन मालिकांच्या नादाने येणाऱ्या जपानी बायका कमी झाल्यात, असं दुकानातल्या आजी म्हणाल्या. देवळाचा विषय मीच काढला. तिथे सुमारे २१,००० कोरियनांचीही नावं आहेत, जपानी फौजेत असताना मेलेल्यांची. घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. आजी पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, “तुम्ही इंडियाचे. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.”

रविवार, ५ जानेवारी २०१४
खरंच कोणी काही म्हणालं नाही. देवळाच्या आवारात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेलं. युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे आपले पाल. जपानी फौजेच्या अत्याचारांचे पुरावे प्रचंड आहेत, हेही त्यांनीच लिहिलंय. त्याची आठवण इथे कोणाला हवी असेल? एका म्हाताऱ्याने मला पाहून वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. आजींना हे सांगणार नाही.

रविवार, २६ जानेवारी
राजपथावर आबे प्रमुख पाहुणे. प्रजासत्ताक दिनाला हा मान मिळालेले पहिले जपानी पंतप्रधान. पुण्याहून दादाचा फोन: “तुमचे साहेब दिसले रे!” शिन-ओकुबोला आज गेलो नाही. घरात लोणचं होतं.