मातीशी हट्ट

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू, उंटांचा तांडा आणि पाण्यावाचून कोरडा पडलेला घसा हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वाळवंटात चिखलाने वाट अडावी, आणि तो चिखल बर्फामुळे झालेला असावा, असे कुणी सांगितले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. परंतु मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात हा अनुभव आम्हांस प्रत्यक्ष आला, आणि इंदूरला परतल्यापासून तो या ना त्या निमित्ताने मनात घोळतो आहे.

आमचे चिरंजीव सॉल्ट लेक सिटीत नोकरीस आहेत. त्या वर्षी आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. गुडघे आणि वय यांचा हिशेब पाहता ही आपली शेवटचीच परदेशवारी, असे आम्ही बोलून दाखविले नव्हते. पण ते सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच चिरंजीवांनी चार दिवसांची रजा काढून दक्षिण युटातील वाळवंटात नेण्याचा बेत केला. ग्रोव्हनर आर्च नावाची सुमारे १५० फूट उंचीची दगडी कमान आम्हांस दाखवावी, अशी त्यांची फार इच्छा होती. तिथवर डांबरी रस्ता जात नाही. कॉटनवुड कॅनियन रोड नावाचा सुमारे ४६ मैलांचा कच्चा रस्ता आहे. त्याच्या उत्तरेकडील टोकापासून कमान सुमारे दहा मैलांवर.

वाळवंट असले तरी हा प्रदेश समुद्रसपाटीपासून पाच-सहा हजार फूट उंच आहे. हिवाळ्यात येथे बर्फ पडतो. आणि त्या वर्षी तर युटात बर्फाने नोंदींच्या इतिहासातला विक्रम मोडला होता. आम्ही उतरलो त्या परिसरातील एका गावाचे नाव ट्रॉपिक, म्हणजे उष्ण कटिबंध! छपरांवर बर्फ, अंगणात बर्फ, आणि वेशीवर हे नाव. सौ. म्हणाल्या, “नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत झाली.”

परंतु त्या गावाच्या आसपासच्या निळसर करड्या टेकड्या पाहिल्या आणि आमचे हसू मावळले. ती माती आम्ही ओळखली. आमची उभी हयात मध्य प्रदेशच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, माळव्याच्या काळ्या मातीवर रस्ते बांधण्यात गेली. माळव्याची माती ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. येथील माती सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळाची, आणि त्यात ज्वालामुखीची राख मुरलेली. मूळ निराळे, परंतु दोघींच्या पोटात चिकणमातीचा एकच प्रकार आहे. शास्त्रज्ञ त्यास माँटमोरिलोनाइट म्हणतात. या मातीचे कण म्हणजे पत्त्यांच्या जोडासारखे अतिसूक्ष्म थर. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते; पाणी गेले की आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात जिच्या भेगेत हात जातो, तीच माती पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आखापर्यंत गिळते, हे माळव्यात लहान मुलासही ठाऊक असते.

चिरंजीवांची गाडी चारही चाकांनी ओढणारी, नवी आणि दणकट. तिच्यावर त्यांचा भरवसा. आम्ही त्यांना समजावले की या मातीपुढे चार चाकांचे काही चालत नाही. वाळू ओली झाली की उलट घट्ट होते, मुरूम पाणी निचरून टाकतो. पण ही माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर केळीच्या खांबासारखा गुळगुळीत होऊन जातो. मग एक चाक फिरले काय आणि चार फिरली काय! गाडी आपल्या वजनाने उताराकडे, म्हणजे बाजूच्या चरीकडे, सरकत जाते.

त्यातही पाऊस आणि बर्फ यांत मोठा भेद आहे. पावसाचे पुष्कळसे पाणी वाहून जाते. बर्फ मात्र ठाण मांडून बसतो आणि थेंबथेंब विरघळून जमिनीत मुरतो. खालची जमीन गोठलेली असते, त्यामुळे ते पाणी खाली उतरू शकत नाही. वरच्या चार बोटांत त्याचे काले होते. रात्री सारे पुन्हा गोठते. पहाटे रस्ता फरशीसारखा टणक, आणि दुपारी तोच खिरीसारखा! शिवाय उत्तरेकडे तोंड करून असलेल्या उतारांना आणि अरुंद घळींना हिवाळ्यात ऊन लागत नाही. तेथला ओलावा दिवसच्या दिवस हटत नाही. नऊ मैल कोरडे आहेत म्हणून दहाव्याविषयी काही सांगता येत नाही.

हे सारे ध्यानात घेऊन रात्री जेवणानंतर आम्ही बापलेक नकाशा पसरून बसलो. चिरंजीव पुढल्या दोन दिवसांचे हवामान पाहत होते. आम्ही म्हटले, आधी मागल्या आठवड्याचे पाहा. बर्फ कधी पडला, ऊन किती दिवस लागले, वारा होता का, रात्री पारा किती उतरतो आहे. आपला शेतकरी पेरणीपूर्वी वाफसा पाहतो, तसा रस्त्याचाही वाफसा पाहावा लागतो. येथे तर दोनच दिवसांपूर्वी बर्फ पडला होता. म्हणजे वाफसा नव्हता. होती ती केवळ पहाटेची गोठण. तेव्हा ठरले ते असे: साडेसहाला निघायचे, आणि नऊच्या ठोक्याला, जेथे असू तेथून परत फिरायचे. दोन दिवस पुरेल इतके पाणी, दशम्या, चिवडा आणि पांघरुणे बरोबर घ्यायची. कारण अडकलो तर तेथे दूरध्वनी चालण्याची शाश्वती नाही, आणि पुन्हा रस्ता गोठेपर्यंत गाडीतच रात्र काढावी लागेल.

बेत उत्तम होता. परंतु नातवाचा एक मोजा सापडेना, सूनबाईंचा थर्मास भरायचा राहिला, आणि आमच्या औषधाच्या गोळ्या खोलीतच विसरल्या. निघायला पावणेआठ झाले!

डांबरी रस्ता संपला तेथे फलक होता: ओला असता हा रस्ता जाण्यायोग्य नाही. आरंभीचे मैल खडखडीत गेले. मात्र मधूनमधून आदल्या दिवशी कुणीतरी चिखलातून नेलेल्या गाडीच्या वीतभर खोल चाकोऱ्या तशाच गोठून राहिल्या होत्या, त्यामुळे वेग बैलगाडीचा. एके ठिकाणी त्या माणसाने चिखल चुकविण्यासाठी गाडी रस्त्याबाहेर घातलेली दिसली. तेथील जमिनीवर काळसर, खरबरीत कवच असते. शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांनी ते विणलेले असते. तेच वाऱ्यापावसात माती धरून ठेवते. एकदा चाकाखाली चिरडले की भरून येण्यास कित्येक दशके लागतात. एका माणसाची अर्ध्या तासाची घाई, आणि दोन पिढ्यांना पुरेल इतका व्रण!

सातव्या मैलावर नवास दहा मिनिटे उरली होती. समोर पूर्वेकडे तोंड असलेला चढ होता, आणि तो उन्हात चकाकत होता. आम्ही खाली उतरून बुटाची टाच दाबली. वरची खपली मोडली. खाली भिजवलेली कणीक. पाय उचलला तो शेर-दोन शेर माती घेऊनच वर आला.

“बाबा, तीनच मैल राहिले,” चिरंजीव म्हणाले. “तुम्ही पुन्हा केव्हा येणार?”

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, “पुढचे तीन मैल नव्हेत रे, मागचे दहा मोजायचे.” ते गप्प राहिले, पण चेहरा उतरला. तेव्हा जी गोष्ट आम्ही सत्तेचाळीस वर्षांत घरात कधी सांगितली नव्हती, ती त्या रस्त्यावर उभे राहून सांगितली.

१९७६ सालचा पावसाळा. आम्ही नवे ओव्हरसियर. अंगात रग होती. एका शनिवारी मजुरांच्या आठवड्याच्या मजुरीची रक्कम घेऊन जीपने कामावर निघालो. दुसऱ्या दिवशी तेथला हाट. सकाळी सर येऊन गेली होती. आमचे वृद्ध जीपचालक, ज्यांना सारे काका म्हणत, ते फाट्यावर गाडी थांबवून म्हणाले, “साहब, मिट्टी से जिद नहीं करते।” सडकेने वळसा घेतला तर सोळा मैल जास्त पडत होते, पण रात्र होईतो पोचलो असतो. आम्ही साहेबी आवाजात जवळच्या वाटेने जीप घालण्याचा हुकूम सोडला. कामापासून तीन मैल अलीकडे जीप जी बसली, ती बसली. रात्र तेथेच गेली. भर पावसात, अंधारात रोकड घेऊन पायी जाणे शक्य नव्हते. सकाळी चिखल तुडवीत पोचलो आणि हजेरीपत्रक उघडून पैसे चुकते केले, तोवर दुपार टळली होती. हाट मोडत आला होता. आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत माणसे वाट पाहत बसली होती. कित्येकांनी वाण्याकडून चढ्या भावाने उधार पीठ आणले होते. कुणी तरी आम्हांस शिव्या द्याव्यात, असे वाटत होते. त्याऐवजी कडेवर मूल घेतलेली एक मजूर बाई एवढेच म्हणाली, “साहब, आप तो ठीक हो न?”

गोष्ट संपली तेव्हा नऊ वाजून गेले होते. चिरंजीवांनी काही न बोलता गाडी वळविली. परतताना, जो उतार तासाभरापूर्वी दगडासारखा होता, तेथे गाडीची मागची बाजू हळूच चरीकडे सरकली. कुणी श्वास घेतला नाही. चाके कशीबशी लागली आणि आम्ही डांबरावर आलो.

तो दिवस आम्ही जवळच्या कोडाक्रोम बेसिन उद्यानात घालविला. तेथवर पक्का रस्ता आहे आणि आतली पायवाट वाळूची, त्यामुळे बर्फ वितळूनही चालणे सुखाचे होते. फोटोच्या एका रंगीत फिल्मवरून १९४९ च्या सुमारास हे नाव पडले. ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली; तांबडे-पिवळे सुळके मात्र नावासकट उभे आहेत. तेथेच बसून चिरंजीवांनी आम्हांस १८७९-८० मधील मॉर्मन वसाहतकारांची हकीकत सांगितली. सुमारे अडीचशे माणसे ऐंशीहून अधिक गाड्या घेऊन याच प्रदेशातून निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास म्हणून निघालेले ते लोक वाटेत होल-इन-द-रॉक नावाच्या कड्यापाशी अडले. मागे डोंगरात बर्फ पडून परतीची वाट बंद झाली होती. तेव्हा त्यांनी कडा फोडून त्या फटीतून गाड्या दोरांनी खाली उतरविल्या. मुक्कामी पोचायला सहा महिने लागले. नातू म्हणाला, “आजोबा, ते शूर होते ना?” आम्ही म्हटले, “होते तर! पण त्यांना मागे फिरता येत नव्हते. आपल्याला येत होते.”

रात्री सौ. नी विचारले, “अहो, कमान राहिलीच ना?”

“राहिली.”

“राहू दे. ती कुठे जाते?”

पुढल्या हिवाळ्यात एके दिवशी चिरंजीवांचा फोन आला. मित्रांबरोबर वाळवंटात जाण्याचे ठरले होते. निघण्यापूर्वी बर्फ पडला. त्यांनी मित्रांची बोलणी ऐकून घेतली, बेत पाच दिवस पुढे ढकलला, आणि चिकणमातीचा रस्ता सोडून वाळूचा धरला. हे सारे आम्ही खोदून विचारल्यावर कळले. आपण होऊन ते एवढेच म्हणाले होते, “बाबा, वाफसा नव्हता.”

फोन ठेवून आम्ही बराच वेळ खिडकीशी बसलो. जीपचालक काका जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. त्यांचे ऐकायला आम्हांस एक रात्र उशीर झाला होता, आणि त्या रात्रीची किंमत दुसऱ्यांनी भरली. ते देणे काही फिटले नाही. परंतु त्यांचे वाक्य सात समुद्र ओलांडून कुणीतरी वेळेवर ऐकले, याचे समाधान या वयात थोडे नव्हे.