घरची बोली

आमचें मूळ गांव रत्नागिरीकडील. घरीं चित्पावनी बोली. तींत अनुनासिकांची रेलचेल. शिक्षणासाठीं पुण्यास आलों आणि महिन्याभरांत तो नाकांतला सूर आम्हीं असा गिळला, कीं सोबत्यांस संशयहि येऊं नये.

एकदां आजी भेटीस आली. बिऱ्हाडीं चार मित्र बसले होते. जेवलास का, असें तिनें घरच्या बोलींत विचारलें. आम्हीं स्वच्छ पुणेरींत उत्तर दिलें, आणि जिला जन्मभर 'तूं' म्हटलें तिला 'आपण' म्हटलें! ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. पुढें आमच्याशीं ती अडखळत कां होईना, पुणेरीच बोले; अगदीं अखेरपर्यंत.

माणूस पाहून बोलणें बदलावें, हा व्यवहारच आहे. वकील कोर्टांत एक बोलतो, माजघरांत दुसरें. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींत कोंकणांतील शब्दांस निराळी खूण आहे. पण ते गाळलेले नाहींत. आम्हीं मात्र गाळले. आज त्या बोलींत आम्हांस हांक मारणारें घरांत कोणी उरलें नाहीं.

वाचकहो, सभेंत खुशाल पुणेरी बोला. पण घरचें माणूस दारीं आलें, तर त्याला परक्या भाषेंत 'बसा' म्हणूं नका.