आधी दोर, मग पंचनामा

समुद्रात निकामी झालेल्या नौकेला साहाय्य करणे हे पुण्यकर्म की कर्तव्य, असा प्रश्न प्रशासनात क्वचितच विचारला जातो. 1982च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा कराराचे 98वे कलम मात्र निःसंदिग्ध आहे. समुद्रात जिवाच्या धोक्यात सापडलेल्या कोणासही, स्वतःचे जहाज व माणसे गंभीर संकटात न लोटता शक्य तितके साहाय्य केलेच पाहिजे. तो माणूस कोणत्या प्रांताचा आणि तेथे काय करीत होता, हे प्रश्न त्या कलमात नाहीत. ते नंतर उपस्थित होतात आणि नेमके तेच आमच्या पदरी पडतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी तालुक्यात मी तहसीलदार होतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खालील प्रकरणे त्या काळी तहसीलदारापुढे निर्णयासाठी येत. (2021च्या सुधारणेने हे काम मत्स्यव्यवसाय विभागाकडे गेले.) किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हे राज्याचे पाणी, त्यात शिरणारे शेजारच्या राज्यांतील ट्रॉलर हा स्थानिक मच्छीमारांचा जुना सल. फायलींत वाचलेला गुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावा, म्हणून मी गस्ती नौकेवर गेलो होतो.

दुपारी एक परप्रांतीय ट्रॉलर दिसला. आम्हाला पाहूनही तो पळेना. जवळ गेल्यावर उलगडा झाला. त्याच्याच जाळ्याचा दोर पंख्यात गुंतून इंजिन बंद पडले होते आणि पश्चिमेचा वारा त्याला खडकांकडे लोटीत होता. आठ माणसे सदरे हलवीत होती. आमचा एक तरुण खलाशी पुटपुटला, की असल्यांनीच आमची जाळी तोडली. त्याचा राग खोटा नव्हता. परवाना अधिकाऱ्यांनी पंचनाम्याचे कागद काढले होते. तेव्हा साठीचा तांडेल मला म्हणाला, ‘‘साहेब, आधी दोर देऊ. पंचनामा मग करा.’’

ओढण्याचे काम मला वाटे तितके सोपे नाही. प्रथम वजन बांधलेली बारीक दोरी फेकायची, तिच्या मागून जाड दोर जातो. तो समोरच्या नौकेच्या नाळेकडील भक्कम खुंटाला बांधतात. दोर आखूड ठेवला तर प्रत्येक लाटेला हिसका बसतो; म्हणून तो लांब सोडावा, दोन्ही नौका एकाच वेळी लाटेवर चढाव्यात, अशा बेताने. ताणलेल्या दोराजवळ कोणी उभे राहायचे नाही, कारण तुटलेला दोर चाबकासारखा परततो. आमचा दोर एकदा तुटलाच. तासाभराच्या वाटेला तीन तास लागले. त्या तीन तासांत तो तरुण खलाशी दोरावरून नजर हलवीत नव्हता.

धक्क्याला लागल्यावर पंचनामा झाला. जाळे ओले, मासळी ताजी. ट्रॉलरच्या तांडेलाचे म्हणणे, आम्ही संकटामुळे थांबलो. त्याच कराराचे 18वे कलम संकटात थांबण्याची मुभा देते हे खरे. पण संकटाने थांबणे समजते, जाळे टाकणे नव्हे. मी स्वतः साक्षीदार झालो असल्याने प्रकरण माझ्यापुढे चालणे योग्य नव्हते. तसे वरिष्ठांना कळविले आणि ते शेजारच्या तालुक्याकडे गेले. तेथे दंड झाला. तो योग्यच होता, असे माझे मत आहे. जीव वाचविल्याने गुन्हा पुसला जात नाही, आणि गुन्हा आहे म्हणून दोर रोखून धरता येत नाही.

पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की गस्तीसाठी मंजूर डिझेल ओढकामासाठी का खर्चिले? मी 98व्या कलमाचा मराठी अनुवाद जोडून उत्तर पाठविले. आक्षेप वगळला गेला. असो.

सरकारी नौकेला निदान आक्षेपाचे उत्तर देता येते. खासगी होडीचे काय? 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. जे वाचले त्यांतील अनेकांना मासेमारी होड्यांनी उचलले होते. आज तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे, मुंबईत सागरी शोध व बचाव केंद्र आहे. तरीही बंद पडलेल्या होडीजवळ बहुधा प्रथम पोहोचते ती दुसरी होडीच. तिचे डिझेल जळते, बर्फ वितळतो, दिवसाची मासळी बुडते.

यासाठी काही भरपाई असावी का, असे मी त्या तांडेलाला विचारले होते. तो म्हणाला, आमच्याकडे ओढून आणणाऱ्याचे डिझेल भरून द्यायचे आणि रात्री जेवायला बोलवायचे, एवढाच दर आहे.