कळेनंतरची रेषा

सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला कागद वाचता येतो, असा आपल्या मंडळींचा समज असतो. टिपणीत काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिण्याचे टाळले आहे, हे आपण चटकन ओळखतो. दिल्लीतल्या एका प्रसूतिगृहात मुलीच्या उशाशी बसलो असता मात्र मिनिटाला एक सेंटिमीटर अशा संथ गतीने एक कागद यंत्रातून सरकू लागला, आणि मी निरक्षर ठरलो.

वरची रेषा बाळाच्या ठोक्यांची, खालची कळांची. मिनिटाला ११० ते १६० ठोके ही स्वाभाविक मर्यादा. पण डॉक्टरीणबाई आकड्यापेक्षा रेषेची थरथर न्याहाळीत होत्या. निरोगी बाळाचे ठोके क्षणोक्षणी ५ ते २५ नी कमीजास्त होत असतात. रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली, तर बाळ झोपले असेल किंवा गुदमरतही असेल.

दुपारी एका कळेचा भर ओसरू लागला तेव्हा ठोके १४० वरून ११५ वर उतरले, आणि कळ संपल्यावरही रेंगाळतच वर आले. कळेत वारेकडे जाणारा रक्तप्रवाह आखडतो. बाळाजवळ प्राणवायूची शिल्लक बेताची असली, तर ती ओढ अशी उशिरा दिसते. कळेबरोबर उतरून तिच्याबरोबरच सावरणारी रेषा निराळी. ती बहुधा डोके दाबले गेल्याची खूण. बाईंनी मुलीला डाव्या कुशीवर वळवले, कळा वाढवण्याचे सलाइन थांबवले आणि ‘थरथर आहे, जरा थांबू या,’ एवढेच म्हणाल्या. पुढची वीस मिनिटे मी देवाचे नाव सोडून थरथरीचाच जप केला. संध्याकाळी नात झाली, रडलीही दणकून.

पुढे कुतूहलाने थोडे वाचले. डब्लिनमध्ये सुमारे १३,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. सतत यंत्र लावल्याने नवजातांच्या आकडीचे प्रमाण निम्म्यावर आले, मृत्यू मात्र घटले नाहीत. इतर चाचण्या जमेस धरता सिझेरियन वाढलेली आढळली. पिनार या फ्रेंच वैद्याचे १८९५ चे लाकडी नळकांडे कानाला लावून, कळ सरताच मिनिटभर ठोके मोजणारी परिचारिकाही निरोगी बाळंतिणीपुरती तेवढीच भरवशाची. अडचण एवढीच, की तिच्याकडे एकाच वेळी अनेक खाटा असून चालत नाही. आरोग्य खात्यातल्या आपल्या मित्रांनी यंत्रखरेदीच्या फायलीबरोबर परिचारिकांच्या पदांचीही फाइल वर पाठवावी. आणि दोन्ही एकाच टेबलावर अडू नयेत, याची काळजी घ्यावी.