संदकफूची चढण आणि गाडीचे दोन आस

दार्जिलिंगपासून सुमारे २६ किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेला अगदी खेटून मानेभंजांग हे चिमुकले गाव वसले आहे. तेथून सिंगालीला डोंगररांगेवरून ३१ किलोमीटरांची वाट ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूस जाते. आकाश निरभ्र असेल तर माथ्यावरून कांचनगंगा आणि दूरवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू ही शिखरे एकाच दृष्टिक्षेपात सामावतात. या वाटेवर आता बोलेरो गाड्याही धावतात. परंतु तिची कीर्ती वाढविली ती १९५० च्या दशकातील लँड रोव्हरनी.

पूर्वी ही वाट दगडगोट्यांची होती. आता तिच्या बऱ्याच भागावर काँक्रीट पडले आहे. वाट सुधारली म्हणजे जुन्या गाडीचे कष्ट सरले, असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात तिची खरी परीक्षा पक्क्या रस्त्यावरच होते.

या जुन्या लँड रोव्हरमध्ये 'लो' गिअर टाकला की पुढचा व मागचा आस एकमेकांस पक्का जखडला जातो. दोन्हींकडे जाणारे शाफ्ट एकाच गतीने फिरतात. म्हणून दोन्ही आसांच्या दातेरी चक्रांचे प्रमाण सारखेच असावे लागते. मात्र जुन्या गाडीस नवा भाग सहसा मिळत नाही. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा आख्खा आस आणून बसवावा लागतो. बाहेरून तो अगदी जुळतो. दात मात्र आत झाकलेले!

आपल्या परिचयाच्या जीपचेच उदाहरण घेऊ. महायुद्धातील विलीज जीपच्या आसात ८ दातांचे पिनियन आणि ३९ दातांचे क्राउन व्हील असे, प्रमाण ४.८८. पुढे आलेल्या नागरी जीपमध्ये दात ८ व ४३, प्रमाण ५.३८. युद्धकालीन आस पुढे आणि नागरी आस मागे बसविला, तर मागची चाके १०० मीटर चालतील तेवढ्यात पुढची ११० मीटर जाऊ पाहतील.

चिखलात वा सुट्या खडीवर चाके थोडी घसरतात आणि हा तंटा तिथल्या तिथे मिटतो. काँक्रीटवर चाक घसरत नाही. मग दोराला पीळ बसावा तसा शाफ्टांत ताण साठतो, टायर घासतात, लिव्हर जागचा हलत नाही, आणि अखेर एखादा सांधा वा दाता तुटतो. दरीकाठच्या उतारावर हे घडले तर काय, हे सांगावयास नको.

दोन्ही आस सारखे असले तरी वळणावर पुढची चाके मोठी फेरी घेतात आणि थोडा पीळ भरतोच. चित्रेच्या चढणीवर एका वळणानंतर आमच्या चालक दाजूने गाडी हातभर मागे घेतली आणि अडलेला लिव्हर अलगद सुटला. "पीळ उतरवला," एवढेच तो म्हणाला.

आस जुळतात की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी जॅकवर उचलावी, शाफ्टवर खडूची खूण करावी आणि आसाची दोन्ही चाके एकदम एक पूर्ण फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. पुढे पावणेपाचांहून किंचित अधिक आणि मागे जवळजवळ साडेपाच भरले, तर त्या गाडीने डोंगर चढू नये. खडूच्या एका रेघेने होणारे हे काम दरीच्या काठावर गेल्यावर करता येत नाही.