सात रंगांची माती, सोळा पायऱ्या आणि एक ळ

मॉरिशसच्या सहलीच्या जाहिरातीत समुद्र निळा असतो, वाळू पांढरी असते आणि जोडपं नवं असतं. काळा दगड त्यात कुठेच नसतो. बेटावर उतरल्यावर मात्र तोच आधी डोळ्यांत भरतो. उसाच्या शेतांत त्याचे मोठाले ढीग रचलेले आहेत आणि किनाऱ्यावर लाटा त्याच्यावरच आपटतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षिका मिळून गेलो होतो. आमच्यातल्या भूगोलाच्या बाई बसमधूनच म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या घाटातला दगड!"

त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. भूशास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातला एकच तप्त झोत सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतत होता. मग भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि झोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, छागोस हा त्याचा माग. सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी त्याच झोतातून मॉरिशस वर आलं आणि शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही त्याच्यामुळेच पेटतो. सह्याद्री थोरला, मॉरिशस धाकटा.

कुर्पिप गावातलं त्रू-ओ-सेर हे विवर बघायला अर्धा तास पुरतो. आत झाडी, तळाशी थोडं पाणी, आणि कडेने सकाळी फिरायला आलेली गावातली माणसं. ज्वालामुखी म्हणून मनात जे चित्र असतं त्यातलं तिथे काही नाही.

शामारेलची सात रंगांची माती मात्र मी डोळे भरून पाहिली. लाल, विटकरी, तपकिरी, जांभळट, निळसर अशा छटांचे उघडे उंचवटे, त्यावर गवताचं पातंही नाही. बेसॉल्ट कुजून त्याची माती झाली, पावसाने बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. लोहाने लाल छटा दिली, ॲल्युमिनियमने निळी-जांभळी. कोकणातला जांभा दगड साधारण असाच तयार होतो. फरक एवढाच, की तिथे त्याला तिकीट आहे आणि आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो. शामारेललाच रमचा कारखाना आहे. गट आत गेला, आम्ही दोघी बाहेर तिखट-मीठ लावलेलं अननस खात बसलो. त्यात काही गमावलं असं वाटलं नाही.

ल मोर्न हा 556 मीटरचा सुळका सगळ्या फोटोंत मागे दिसतो. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत लपून राहत. 1835 मध्ये गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई आले, तेव्हा ते पकडायलाच आले असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथे सांगतात. 2008 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. खाली महागडी हॉटेलं आहेत.

ग्रां बासँ, म्हणजे गंगा तलाव, हेही विवरात साचलेलं पाणीच. महाशिवरात्रीला लाखो लोक तिथे चालत येतात. 33 मीटर उंच शंकराच्या मूर्तीपाशी आमचा चालक मोडक्या मराठीत माझ्याशी बोलू लागला. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे. गणेशचतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे त्याने कौतुकाने सांगितलं. मग माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून विचारलं, "तुम्ही मराठी की मुसलमान?"

हा प्रश्न मला नवा नाही. आपल्याकडे "तुमचं मराठी किती छान आहे" असं म्हणून तोच विचारतात. आपल्याकडे त्यात टोचणी असते, त्याच्या प्रश्नात नव्हती. तिथल्या शाळेत मूल पूर्वजांची म्हणून एक भाषा निवडतं: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी, चिनी. घरी बहुतेक सगळे क्रिओल बोलतात. मराठी घेतलेलं मूल हिंदू आणि उर्दू घेतलेलं मुसलमान, हे धरूनच चालतात. दोन्ही शिकवणारी बाई कुठल्या वर्गात बसवायची? कोकणातला एखादा मुसलमान तेव्हा गिरमिटावर इथे आला असेल, तर त्याच्या पणतूने कोणता तास निवडला असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटच्या दिवशी पोर्ट लुईला खरेदीचा बेत होता. मी आधी जुम्मा मशिदीत गेले. एकोणिसाव्या शतकातली ही मशीद, आणि अंगणात आपल्या शाळांच्या आवारात असतं तसलंच देशी बदामाचं झाड. तिथून आप्रवासी घाट लांब नाही, पण सहलीच्या कार्यक्रमात तो नव्हता. 1834 पासून पुढे सुमारे साडेचार लाख मजूर या बेटावर आले. पाच वर्षांचा करार, महिन्याला 5 रुपये, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची कपात. आमच्या वर्गातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं गळतात, त्यामुळे हा हिशेब मला समजायला वेळ लागला नाही. शेतातले ते काळे ढीगही मजुरांनीच हातांनी वेचून रचलेले. घाटाच्या 16 पायऱ्या चढायला अर्धं मिनिट लागतं. मी त्या दोनदा चढले.

मजुरांची जुनी दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. पुढे पुढे फोटोही काढत.

बाहेर चालक थांबला होता. त्याने मोबाईलवर लेकीच्या मराठीच्या वहीचा फोटो दाखवला. "तुम्ही टीचर आहात ना, बघा." अक्षर सुरेख होतं. 'शाळा'ऐवजी 'शाला' आणि 'फळ'ऐवजी 'फल' लिहिलं होतं. माझी उर्दू माध्यमाची मुलं नेमकं हेच लिहितात, कारण उर्दूत ळ नाही. क्रिओलमध्येही नाही. वर्गात दाखवते तशी जीभ मागे वळवून मी त्याला दाखवली. विमानतळापर्यंत तो स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणत होता, "फल... फड... फळ."