ताईचे कॉलेज

आमच्या घरात डॉक्टर कोणी नाही. व्हायचे होते मला, पण बारावीला फिजिक्सने दगा दिला आणि मी आर्ट्सला आले. त्यामुळे आईची सगळी आशा तिकडे न्यूजर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीवर जाऊन बसली. एप्रिल २०२३ मध्ये एके दिवशी सकाळी सात वाजता ताईचा फोन आला. तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ झाले होते. म्हणाली, "दोन कॉलेजांची पत्रं आलीत, पण दोन्ही ऑस्टिओपॅथीची."

आजी आमच्याकडेच असते. तिने विचारले, "म्हणजे होमिओपॅथीची बहीण का?" ताईने समजावून सांगितल्यावर म्हणाली, "अगं, मग सरळ हाडवैद्य म्हण की!"

हसले मीही, पण मलाही तेवढेच ठाऊक होते. मग ताईकडून आणि वाचून माहिती जमवली. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा एक डॉक्टर होता. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुले गेली आणि त्या काळच्या औषधांवरून त्याचे मन उडाले. शरीराची घडण नीट राखली तर शरीर स्वतःच पुष्कळसे बरे करते, असा विचार त्याने १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत त्याने मुलींनाही घेतले होते. (हे वाचून आजीचे मत जरा बदलले.) विलायतेत ऑस्टिओपॅथला डॉक्टर धरत नाहीत. अमेरिकेत मात्र 'डी.ओ.' हा पुरा डॉक्टर; औषध लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. वर हातांनी सांधे-स्नायू तपासण्याची विद्या शिकतो, ती वेगळीच. तरी कमीपणाची छाया जायला फार वर्षे लागली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात पासष्ट डॉलर भरून हजारो डी.ओ. लोकांनी 'एम.डी.' ही अक्षरे घेतली होती! पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची व्यवस्था दोघांसाठी एक झाली ती थेट २०२० मध्ये.

तर ताईपुढची दोन कॉलेजे. एक खुद्द कर्क्सव्हिलचे, स्टिलने काढलेले. गाव वीस हजारांच्या आतले, घरापासून मोटारीने हजारावर मैल. दुसरे घराजवळचे, अगदी नवे. त्याचे नाव घेत नाही. त्याची पहिली तुकडीदेखील अजून बाहेर पडली नव्हती. इमारत देखणी होती, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोगी कुठे बघायचे, हे विचारले की उत्तरे गोलगोल यायची. अशा पुष्कळ कॉलेजांना स्वतःचे इस्पितळ नसते. मुलांना बाहेरच्या इस्पितळांत पाठवतात. म्हणून कोणती इस्पितळे, कोणत्या गावी, शिकवणार कोण, हे विचारणे इमारत बघण्यापेक्षा महत्त्वाचे. तिथे डी.ओ.ची मुले आपली 'कॉमलेक्स' परीक्षा देतातच, शिवाय बरीच जणे एम.डी.वाल्यांची 'यूएसएमएलई'ही देतात. म्हणजे दुप्पट अभ्यास, दुप्पट फी. त्यासाठी कॉलेज सवड देते का, हाही एक प्रश्न होता.

हे सगळे मी वहीत लिहीत गेले. ताई सांगायची, मी रकाने भरायची. गणितात कच्ची असूनही बेरीज केली. बेरीज कर्क्सव्हिलच्या बाजूने गेली.

पण वहीत मामी नव्हती. २०२१ मध्ये मामीला अर्धांगाचा झटका आला होता आणि तिचा डावा हात अजून नीट उचलत नाही. मामाची नोकरी रात्रपाळीची. आजी फोनवर स्पष्टच बोलली, "आईला टाकून एवढ्या लांब जायचं म्हणजे काय?" मागे मामी बसलेली आहे हे आम्हांला दिसले नव्हते. ती पुढे आली आणि हळूहळू, अडखळत म्हणाली, "आई, माझ्यामुळे ती राहिली, तर मला रोज तिच्या तोंडाकडं बघायला लागेल." आजी गप्प झाली. आमच्या घरात ही गोष्ट क्वचितच घडते.

दुसऱ्या दिवशी ताईने कर्क्सव्हिलला जागेचे पैसे भरले.

तिथे पहिल्या वर्षी मुले एकमेकांच्याच पाठी-माना चाचपून शिकतात. स्टिलचा जन्म ज्या लाकडी खोपटात झाला, ते तिथल्या संग्रहालयात ठेवले आहे. ताईने ते फोनवर दाखवले. नाताळात ती घरी गेली तेव्हा मामीच्या खांद्यावर हात ठेवून कितीतरी वेळ बसली होती म्हणे. हात काही उचलला गेला नाही. पण मामी आजीला म्हणाली, "कुठं दुखतंय ते मी न सांगता तिला कळलं." तेव्हापासून आजी आपला गुडघा फोनसमोर धरते.

फेब्रुवारीत मामी न्हाणीघरात पडली. परीक्षा चालू होती म्हणून मामाने ताईला दोन दिवस कळवले नाही. कळल्यावर ताई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मला मात्र फोन केला. बराच वेळ नुसताच श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "तुझी ती वही आहे का गं अजून? त्यात हे लिहिलं होतं का आपण?"

मी उठून कपाटातून वही काढली आणि पाने उलटून बघितली. नव्हते लिहिलेले. तसे तिला सांगितले.

"बरं," ती म्हणाली, "आता लिही." आणि मी पेन शोधू लागले.